स्कूबाचे स्वतःचे साहित्य घेऊन पुण्याहून विमानप्रवास : केबिनमध्ये काय, चेक-इनमध्ये काय?

सिंहगड_रोड

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझी पत्नी पुण्याहून चेन्नईमार्गे पोर्ट ब्लेअरला (अधिकृत नाव आता श्री विजयपुरम) आणि तिथून बोटीने स्वराज द्वीपला, म्हणजेच हॅवलॉकला जाणार आहोत. आजवर आम्ही तारकर्ली आणि मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट येथेच डाइव्ह केले आहेत. तिथे गाडीने गेलो आणि साहित्य भाड्याने घेतले, त्यामुळे सामानाचा प्रश्न कधी आलाच नाही. या वर्षी दोघांनी पैसे साठवून स्वतःचे साहित्य घेतले आहे आणि ते घेऊन प्रथमच विमानात बसणार आहोत.

काल सामानाच्या लटकत्या काट्यावर एकाचे साहित्य तोलून पाहिले. बीसीडी (तरंगण्यासाठी हवा भरायचे जाकीट) ३.६ किलो, ऑक्टोपस (श्वासाचे जादा तोंड) आणि गेज (हवेचा दाबमापक) धरून रेग्युलेटर (टाकीतून श्वास घेण्याचे यंत्र) ३.१, फिन्स (पायात घालायची वल्ही) २.३, ३ मिलिमीटरचा वेटसूट १.८, बूट ०.८, मास्क आणि स्नॉर्केल ०.५. एकूण १२.१ किलो झाले. तिकिटावर प्रत्येकी १५ किलो चेक-इन आणि ७ किलोची एक केबिन बॅग आहे. याशिवाय दोन टॉर्च, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळेचा हिशेब ठेवणारे यंत्र), लहान सुरी आणि हाउसिंगसह (जलरोधक कवचासह) कॅमेरा आहे, आणि कपडे तर न्यावेच लागतील.

माझे प्रश्न असे आहेत. रेग्युलेटर केबिनमध्ये नेऊ देतात का? टॉर्च आणि त्यांच्या बॅटऱ्या कुठे ठेवायच्या? आणि एका मित्राने सांगितले की विमानाच्या पोटातल्या कप्प्यात हवेचा दाब नसल्यामुळे गेज बिघडतो, ते खरे आहे का? ज्यांनी प्रत्यक्ष असा प्रवास केला आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील. आगाऊ आभार.

मुळाकाठ

सिंहगड_रोड, प्रथम नव्या साहित्याबद्दल दोघांचे अभिनंदन. गेली नऊ वर्षे मी वर्षातून एकदा तरी साहित्य घेऊन विमानाने जातो. त्यातून मी स्वतःपुरता एक नियम पाळत आलो आहे: ज्याच्यावर आपला श्वास, आपली नजर आणि आपला हिशेब अवलंबून आहे ते आपल्या हातात राहिले पाहिजे, बाकीचे पोटात गेले तरी चालेल. म्हणजे रेग्युलेटर, मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर केबिनमध्ये. बीसीडी, फिन्स, वेटसूट आणि बूट चेक-इनमध्ये. तुमच्या आकड्यांप्रमाणे या तीन वस्तू ४ किलोच्या आत बसतात, म्हणजे ७ किलोत एक जोडी कपडे आणि औषधेही मावतात.

चेक-इनची बॅग उशीर करून आली तर बीसीडी आणि फिन्स कोणत्याही डाइव्ह सेंटरवर आपल्या मापाचे मिळतात आणि दहा मिनिटांत त्यांची सवय होते. रेग्युलेटरही मिळतो, परंतु जो आपण स्वतः धुतला, ज्याची सर्व्हिसिंग स्वतः करून घेतली आणि ज्याचा श्वास कसा येतो हे आपल्याला ठाऊक आहे, त्याची सर दुसऱ्याला येत नाही.

सुरक्षा तपासणीत रेग्युलेटरवर हमखास प्रश्न येतो. एक्स-रेच्या पडद्यावर धातूचा गोळा, त्यातून निघालेल्या चार-पाच नळ्या आणि टोकाला घड्याळासारखा गेज असे चित्र दिसते, त्यामुळे अधिकाऱ्याने बॅग उघडायला सांगितली तर त्यात वावगे काहीच नाही. तो बॅगेत सर्वांत वर, जाळीच्या किंवा साध्या कापडी पिशवीत ठेवावा, आपणहून ट्रेमध्ये काढून ठेवावा आणि शांतपणे सांगावे की हे पाण्याखाली श्वास घेण्याचे यंत्र आहे, यात गॅस नाही, सिलिंडर नाही आणि बॅटरीही नाही. प्रशिक्षणाचे कार्ड हाताशी असले की संभाषण लवकर संपते. नळ्या मोठ्या वळशात गुंडाळा. त्या फर्स्ट स्टेजजवळ, म्हणजे टाकीला जोडायच्या धातूच्या भागाजवळ, दुमडल्या की तिथेच पुढे चिरा पडतात.

कासव_कोथरूड

मुळाकाठ यांच्या मास्कच्या मुद्द्याला माझा मनापासून दुजोरा आहे, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. माझ्या चष्म्याचा नंबर उणे सहा आहे आणि माझ्या मास्कला त्याच नंबरच्या काचा बसवलेल्या आहेत. तीन वर्षांपूर्वी अंदमानला जाताना मी मास्क फिन्सच्या मध्ये, चेक-इनच्या बॅगेत ठेवला. जोडविमान बदलताना ती बॅग मागे राहिली आणि दोन दिवसांनी मिळाली. विमान कंपनीने बॅग हॉटेलवर आणून दिली, परंतु ते दोन दिवस परत आले नाहीत. डाइव्ह सेंटरवर नंबरचे दोन मास्क होते आणि दोन्ही उणे तीनपर्यंतचे. पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या दिसतात, त्यामुळे थोडी भर पडते, पण मला माझ्या सोबत्याने केलेल्या हाताच्या खुणाही नीट दिसत नव्हत्या. पहिल्या डाइव्हनंतर मीच थांबले, कारण गेज वाचता येत नसेल तर खाली उतरणे योग्य नव्हे.

तेव्हापासून मास्क कडक डबीत घालून माझ्या हातात असतो. ज्यांना चष्मा आहे त्यांनी या बाबतीत तडजोड करू नये.

हँगर_दोन

मी विमानांच्या देखभालीच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून दाबाच्या प्रश्नाचे उत्तर देतो. सिंहगड_रोड, तुमच्या मित्राचा समज अनेकांचा असतो, पण तो बरोबर नाही. प्रवासी जेट विमानात खालचा सामानाचा कप्पा आणि वरची केबिन एकाच दाबबंद कवचात असतात. परवानगी घेऊन नेलेली पाळीव कुत्री-मांजरे ज्या भागातून प्रवास करतात तो भाग निर्वात असू शकत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. केबिनमधला दाब उड्डाणात समुद्रसपाटीसारखा नसतो; तो जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका, म्हणजे समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश, इतका खाली येतो. खालच्या कप्प्यातही तेवढाच असतो. जो गेज पाण्याखाली ३० मीटरवर चार पट दाब सहन करतो, त्याला या फरकाने इजा होण्याचे कारण नाही. गेजला खरा धोका आपटण्याचा आहे, म्हणून तो केबिनमध्ये न्यावा हा सल्ला योग्यच आहे, फक्त त्याचे कारण वेगळे आहे.

दाबातल्या या फरकाचा परिणाम दुसऱ्या दोन वस्तूंवर मात्र होतो. बीसीडीमध्ये हवा भरून ठेवू नका, कारण जमिनीवरची १० लिटर हवा उड्डाणात सुमारे १३ लिटर होऊ पाहते आणि गच्च भरलेल्या बॅगेत शिवणीवर ताण येतो. दुसरी वस्तू म्हणजे कॅमेऱ्याचे हाउसिंग. ते घट्ट बंद करून नेले तर आतबाहेरच्या दाबात फरक पडतो, म्हणून प्रवासात मुख्य ओ-रिंग (पाणी रोखणारी रबरी कडी) काढून वेगळ्या डबीत ठेवावी आणि झाकण नुसते टेकवलेले असावे.

डेक्कन_प्रवासी

हँगर_दोन, कुत्र्याच्या उदाहरणाने माझी अनेक वर्षांची शंका फिटली. धन्यवाद.

दिवाबत्ती

टॉर्चचा प्रश्न मागे पडू नये म्हणून लिहितो, कारण या सगळ्यात नियम सर्वांत कडक आहेत ते बॅटऱ्यांचे, आणि ते तसेच असायला हवेत. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये कर्मचारी ती आग हाताळू शकतात, सामानाच्या कप्प्यात तिथवर कोणी पोहोचू शकत नाही. म्हणूनच सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केवळ केबिनमध्येच नेता येतात. चेक-इनच्या बॅगेत त्या सापडल्या तर बॅग उघडण्यासाठी तुम्हाला परत बोलावले जाते, किंवा बॅग मागे राहते.

मर्यादा वॅट-तासांत मोजतात. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी सर्वसाधारणपणे चालते. १०० ते १६० पर्यंतची न्यायची असेल तर विमान कंपनीची आधी मान्यता लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. १६० च्या वरची प्रवाशाच्या सामानातून नेताच येत नाही.

हातातल्या टॉर्चमध्ये बहुधा १८६५० किंवा २१७०० या मापाची एक बॅटरी असते. ३.६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास धरले तर १८ वॅट-तास होतात, म्हणजे काळजी नाही. चित्रीकरणाच्या मोठ्या दिव्याचा १४.८ व्होल्टचा आणि १२ अँपिअर-तासांचा पॅक मात्र १७७ वर जातो, आणि पाण्याखालच्या स्कूटरच्या बॅटऱ्या तर अनेकदा याहून मोठ्या असतात. ज्या बॅटरीवर आकडा छापलेला नाही किंवा खोडला गेला आहे ती घरीच ठेवा, कारण तपासणाऱ्या माणसाकडे ती मोजण्याचे साधन नसते आणि त्याने नकार दिला तर तो बरोबरच असतो.

आणखी एक बाब पुष्कळांना माहीत नसते. डाइव्हिंगचे प्रखर दिवे पाण्याने थंड राहतात, हवेत चुकून सुरू राहिले तर ते कापड पेटवण्याइतके तापू शकतात. विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पाण्याखालच्या दिव्यांचा अशा उष्णता निर्माण करणाऱ्या वस्तूंमध्ये उल्लेख येतो, आणि त्यासाठी कंपनीची मान्यता घ्यावी व बॅटरी किंवा दिव्याचा भाग वेगळा काढून ठेवावा अशी अपेक्षा आहे. म्हणून टॉर्चमधून बॅटरी काढा, तिच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा किंवा ती प्लॅस्टिकच्या डबीत घाला, आणि सगळ्या बॅटऱ्या एका वेगळ्या लहान पाउचमध्ये एकत्र ठेवा. तो पाउच क्षणात बाहेर काढता आला पाहिजे.

सिंहगड_रोड

दिवाबत्ती, आपल्या सांगण्यावरून आत्ताच पाहिले. दोन्ही टॉर्चमध्ये २१७०० माप आहे आणि १८ वॅट-तास असे स्पष्ट छापलेले आहे. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या त्याहूनही लहान आहेत. पाउच आजच वेगळा काढतो.

भाड्याचे_बरे

थोडा वेगळा विचार मांडतो. माझे ऐंशीच्या वर डाइव्ह झाले आहेत आणि माझ्याकडे स्वतःचे म्हणावे असे फक्त मास्क आणि कॉम्प्युटर आहेत. आपल्यापैकी बहुतेकजण वर्षातून चार-सहा दिवस पाण्यात उतरतात. त्यासाठी १२ किलो सामान वाहायचे, विमानतळावर वजनाची धास्ती बाळगायची, परतताना ओली ओझी आणायची, आणि उरलेले अकरा महिने पुण्याच्या फ्लॅटमध्ये रबराच्या वस्तू सांभाळायच्या, हे मला पटत नाही. रेग्युलेटरची वार्षिक सर्व्हिसिंग पुण्यात सहज होत नाही, तो बाहेरगावी पाठवावा लागतो. चांगले सेंटर निवडले तर तिथले साहित्य रोज वापरात असते आणि त्याची देखभालही नियमित होते. नव्याने येणाऱ्यांनी स्वतःचे साहित्य हाच पहिला टप्पा मानू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

मालवणी_खाडी

मी सिंधुदुर्गात प्रशिक्षक म्हणून काम करतो आणि दोन्ही बाजू रोज पाहतो. भाड्याचे_बरे यांचे म्हणणे नव्या माणसासाठी योग्य आहे, आणि चांगल्या सेंटरवरचे भाड्याचे साहित्य वाईट नसते हे मी जबाबदारीने सांगतो. तरीही ज्याचा मास्क चेहऱ्याला चोख बसतो, ज्याचा वेटसूट अंगाचा आहे आणि ज्याला स्वतःच्या बीसीडीचे बटण न बघता सापडते, तो माणूस पाण्यात निवांत असतो आणि त्याची हवाही जास्त पुरते. सिंहगड_रोड यांनी साहित्य घेतलेच आहे, तेव्हा ते कसे न्यावे हाच येथे प्रश्न आहे.

दोन वस्तू कधीच नेऊ नका. पहिली सिलिंडर. आपल्याकडे वापरतात ती अॅल्युमिनिअमची टाकी रिकामी असतानाच सुमारे १४ किलोची असते. तिच्यात ११ लिटरच्या जागेत २०० बारने साधारण २,२०० लिटर हवा दाबून भरलेली असते. भरलेली टाकी विमानात नेण्याचा प्रश्नच येत नाही. रिकामी न्यायची तर व्हॉल्व्ह काढून आतले दिसेल अशी उघडी ठेवावी लागते आणि तरीही कंपनी नाही म्हणू शकते. दुसरी वस्तू शिशाची वजने. टाक्या आणि वजने प्रत्येक सेंटरवर असतात आणि बहुधा डाइव्हच्या शुल्कातच धरलेली असतात.

वेटसूट चिकटवण्याचा डिंक आणि सिलिकॉनचा फवारा हे दोन्ही सहसा ज्वलनशील असतात, तेही घरी ठेवा. मास्कवर धुके धरू नये म्हणून लागणारा द्रव चेक-इनमध्ये टाका, किंवा बाळाच्या शांपूची छोटी बाटली घ्या, तेवढ्याने काम होते.

बॅग भरताना फिन्स दोन्ही कडांना उभ्या ठेवा, मध्ये बीसीडी, आणि वेटसूट खाली व वर गादीसारखा पसरा. बॅगेवर डाइव्हिंगच्या कंपनीचे मोठे नाव नसलेले बरे. साध्या बॅगेकडे कोणी वळून पाहत नाही.

औंध_ते_आगत्ती

सुरीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून माझ्याकडून झालेली चूक सांगतो. सुरी म्यानासह चेक-इनमध्ये गेली पाहिजे हे सर्वांना ठाऊक असते आणि मीही ती तशीच ठेवली होती. परंतु जाळ्याचे धागे कापण्याचा छोटा कटर, ज्याचे पाते बोटभरही नाही, तो मागच्या सहलीपासून बीसीडीच्या खिशात राहिला होता, आणि त्या वेळी वजन वाचवण्यासाठी मी बीसीडी केबिनमध्ये घेतली होती. तपासणीत तो सापडला. अधिकारी सौजन्याने वागले, पण कटर तिथेच सोडावा लागला आणि माझ्यामुळे रांगेतल्या वीस जणांचा खोळंबा झाला याचे मला फार वाईट वाटले. केबिनमध्ये काहीही न्यायचे असेल तर आदल्या रात्री त्याचा प्रत्येक खिसा उलटा करून पाहावा. रॅचेट असलेल्या किल्ल्या आणि अॅलन कीचा संचही चेक-इनमध्येच जाऊ द्या.

लक्षद्वीपमधल्या आगत्तीला किंवा कुठेही लहान विमानाने जाणाऱ्यांनी वजनाची मर्यादा तिकीट काढण्यापूर्वी पाहावी. कोचीहून आगत्तीला दोन पंख्यांची एटीआर विमाने जातात आणि त्यांत वरचे कप्पे इतके बुटके असतात की आपली नेहमीची केबिन बॅग त्यात मावत नाही. मालदीवच्या सीप्लेनमध्येही साधारण २० किलो मोठे सामान आणि ५ किलो हातातले एवढेच धरतात.

पाषाण_तलाव

परदेशी जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, मग मूळ विषयाकडे येऊ. मुंबई किंवा दिल्लीहून परदेशी विमान आणि पुण्यापर्यंतचे देशांतर्गत विमान अशी दोन वेगळी तिकिटे असतील तर परतीच्या शेवटच्या टप्प्यावर १५ किलोचा नियम लागतो, मग आधीच्या टप्प्यावर ३० किलो का चालले असेनात. मी एकदा त्या फरकाचे पैसे काउंटरवर भरले आहेत. जादा वजन आधी ऑनलाइन घेतले असते तर बरेच स्वस्त पडले असते. शक्यतो सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या.

दुसरे असे की महागडा कॅमेरा, हाउसिंग आणि दिवे देशाबाहेर नेणार असाल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून त्या वस्तूंच्या क्रमांकांसह निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. परत येताना वस्तू नवीन विकत आणल्या का, या प्रश्नाचे उत्तर त्या एका कागदात असते. बिलांच्या प्रती फोनमध्ये ठेवल्या तरी हे प्रमाणपत्र वेगळे घ्यावे.

सह्याद्री_आणि_सागर

साहित्य न्यायचे कसे हे सगळ्यांनी उत्तम सांगितले, पण शरीराचेही सामान आपल्याबरोबर असते आणि त्यात डाइव्हमध्ये विरघळलेला नायट्रोजन असतो, आणि उंचावर दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. शेवटचा डाइव्ह आणि विमान यांत किती वेळ ठेवणार, हे तिकीट काढण्यापूर्वीच ठरवायला हवे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हिंगच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना अशा आहेत: डिकंप्रेशनची (वर येताना नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून थांबण्याची) गरज नसलेला एकच डाइव्ह केला असेल तर किमान १२ तास, एकाहून अधिक डाइव्ह किंवा सलग अनेक दिवस डाइव्ह केले असतील तर किमान १८ तास, आणि डिकंप्रेशनचे थांबे घ्यावे लागले असतील तर १८ तासांहून बराच जास्त वेळ.

याच्याशी जोडलेली आणि आपल्या पुणेकरांसाठी विशेष महत्त्वाची बाब म्हणजे घाट. या सूचना २,००० ते ८,००० फूट, म्हणजे ६१० ते २,४३८ मीटर, या केबिन उंचीसाठी आहेत. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे, म्हणजे त्या सीमेच्या जेमतेम खाली. आंबोली मात्र ६९० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे सीमेच्या वर. मालवणला दुपारी दोन डाइव्ह करून संध्याकाळी आंबोलीमार्गे गाडी काढणारे आपले अनेक मित्र विमानाचा नियम कसोशीने पाळतात आणि घाटाचा विचारच करत नाहीत. परतीच्या वाटेवर महाबळेश्वरला मुक्काम करणारे तर १,३०० मीटरच्या वर जातात. माझी विनंती आहे की शेवटची रात्र किनाऱ्यावरच काढावी आणि सकाळी निघावे.

भाड्याचे_बरे

घाटाचा मुद्दा अतिशय मोलाचा आहे आणि मी स्वतः ती चूक केली आहे. मी तर १८ ऐवजी सरसकट २४ तास पाळावेत असे म्हणेन. अनेक सेंटरवर तसेच सांगतात.

मालवणी_खाडी

आम्हीही विद्यार्थ्यांना २४ तासच सांगतो. १८ ही किमान मर्यादा आहे, आणि थकवा, कमी पाणी पिणे, रात्रीचे जागरण या गोष्टी आकड्यात धरलेल्या नसतात. सह्याद्री_आणि_सागर यांनी लिहिलेला घाटाचा परिच्छेद मी आमच्या सेंटरवरच्या फळ्यावर लिहून ठेवणार आहे.

दिवाबत्ती

एक छोटी पण गंभीर सूचना राहिली. समुद्रात बोटीपासून दूर वाहून गेल्यास उपयोगी पडावे म्हणून काहीजण परदेशातून उपग्रहावर चालणारे संदेशयंत्र आणतात. आपल्या देशात अशी यंत्रे परवान्याशिवाय जवळ बाळगता येत नाहीत आणि ती बॅगेत सापडल्यामुळे प्रवाशांना विमानतळावर अडवल्याच्या घटना घडल्या आहेत. त्याऐवजी तोंडाने फुगवायचा नारिंगी सिग्नल ट्यूब, शिट्टी आणि आरसा हे तिन्ही न्या. त्यांना कोणीही हरकत घेत नाही.

पुण्याचे लोहगाव विमानतळ हवाई दलाचा तळ असल्यामुळे तिथे धावपट्टीचे आणि विमानांचे चित्रीकरण करायला मनाई आहे, तेव्हा नवा अॅक्शन कॅमेरा खिडकीला लावण्याचा मोहही कृपया टाळा.

कासव_कोथरूड

आणि परतीच्या बॅगेत शिंपले किंवा प्रवाळाचा तुकडा ठेवू नका, तो मेलेला आणि किनाऱ्यावर पडलेला असला तरी. प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि अंदमानच्या विमानतळावर त्यासाठी सामान बारकाईने पाहतात. लहान मुलांनी खिशात घातलेले शंखही आधीच तपासून घ्या.

सिंहगड_रोड

मंडळी, आम्ही कालच परतलो. आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले होते, म्हणून आधी येथे वृत्तांत देतो आणि मग बॅगा उपसतो.

मुळाकाठ यांच्या नियमाप्रमाणे दोघांचे रेग्युलेटर, मास्क आणि कॉम्प्युटर केबिनमध्ये घेतले. पुण्याच्या तपासणीत मी रेग्युलेटर आपणहून ट्रेमध्ये ठेवला. अधिकाऱ्याने तो हातात घेऊन पाहिला, तोंडात कोणता भाग धरायचा ते विचारले आणि कार्ड न मागताच जाऊ दिले. पत्नीचा रेग्युलेटर बॅगेतच राहिला होता, तिची बॅग मात्र उघडून दोनदा एक्स-रेमधून फिरवली. एवढ्या फरकावरून आपला सल्ला किती योग्य होता ते कळले.

खरी अडचण चेन्नईला आली आणि ती येथे कोणीच लिहिलेली नव्हती. विमान पूर्ण भरले होते, वरच्या कप्प्यांत जागा उरली नव्हती, आणि दारापाशी शेवटच्या तीस-एक प्रवाशांच्या केबिन बॅगा घेऊन त्या खाली पाठवायला सुरुवात झाली. आमच्या दोन्ही बॅगा त्यात होत्या. अशा वेळी सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक बॅगेतून काढून स्वतःजवळ ठेवाव्या लागतात. दिवाबत्ती यांनी सांगितलेला पाउच वरच होता, तो मी पाच सेकंदांत काढला. शेजारचे गृहस्थ मात्र सगळे सामान जमिनीवर मांडून पॉवर बँक शोधत होते. रेग्युलेटर कापडी पिशवीत असल्यामुळे ती पिशवी आणि मास्कच्या डब्या काढून आम्ही समोरच्या आसनाखाली ठेवल्या, आणि बॅगा रिकाम्या रिकाम्याच खाली गेल्या. म्हणून माझी भर अशी की केबिन बॅगेच्या आत रेग्युलेटरची पिशवी अशी असावी की ती एकटी उचलून नेता येईल. परतीच्या वेळी आम्ही रांगेत लवकर उभे राहिलो आणि बॅगा आमच्याजवळच राहिल्या.

जाताना चेक-इनची एक बॅग १४.२ आणि दुसरी १३.६ भरली. येताना वजनाची मला फार धास्ती होती, कारण ओला वेटसूट वाळलेल्यापेक्षा कितीतरी जड असतो. आम्ही शेवटचा डाइव्ह सोमवारी सकाळी साडेदहाला संपवला आणि विमान मंगळवारी दुपारी दोनचे होते, म्हणजे साडेसत्तावीस तास मिळाले. सोमवारी दुपारीच सगळे साहित्य गोड्या पाण्यातून काढून सावलीत टांगले. ज्या दिवशी शरीराला विश्रांती द्यायची त्याच दिवशी वेटसूट वाळतो, हे आधी माझ्या लक्षात आले नव्हते. बूट मात्र वाळले नाहीत, त्यामुळे एक बॅग १५.६ झाली. दुसरी १४.१ होती आणि दोघांचे तिकीट एकाच पीएनआरवर असल्यामुळे काउंटरवरच्या ताईंनी एकत्रित वजन धरले.

भाड्याचे_बरे, आपल्या म्हणण्याचा मी तिथे प्रामाणिकपणे विचार केला. बीसीडी आणि फिन्स पुढच्या वेळी कदाचित भाड्याने घेऊ, ६ किलो वाचतील. रेग्युलेटर मात्र आता हातातून सोडणार नाही. दुसऱ्या दिवशी १८ मीटरवर थोडा प्रवाह लागला, पत्नीचा श्वास जलद झाला, आणि नंतर वर आल्यावर ती म्हणाली की यंत्र आपले होते म्हणून मन लवकर थाऱ्यावर आले.

मुळाकाठ

दारापाशी बॅग घेण्याचा अनुभव मला आजवर आला नव्हता. आजच माझ्या रेग्युलेटरसाठी खांद्याला अडकवता येईल अशी पिशवी शिवायला टाकतो.

औंध_ते_आगत्ती

मी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आगत्तीला जात आहे. सिंहगड_रोड, आपला तो लटकता काटा परतीच्या वजनासाठी बरोबर नेला होता का, आणि तो कुठे मिळाला?

सिंहगड_रोड

हो, नेला होता, जेमतेम शंभर ग्रॅमचा आहे. फेब्रुवारीपर्यंत आम्हाला तो लागणार नाही. आपण औंधला राहता, मी शनिवारी सकाळी बाणेर रस्त्याने जाणार आहे, तेव्हा वाटेत देऊन जाईन. वैयक्तिक संदेशात वेळ कळवा.